सांधेदुखीच्या माणसासाठी गादी : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय सांगावे

गादी ही वस्तू आठ-दहा वर्षांतून एकदा घेतली जाते. म्हणून तिच्या खरेदीचा अनुभव ग्राहकाच्या गाठी नसतो. भाजी, कापड, धान्य रोज पारखून घेणारा माणूस गादीच्या दुकानात गेला की दुकानदार सांगेल ते ऐकतो. त्यात घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे, कंबर किंवा खांदे दुखत असतील तर तो अधिकच घाईत असतो. "सांधेदुखीसाठी खास" अशी चिठ्ठी लावलेली महागडी गादी घेतली जाते आणि महिन्याभरात कळते की दुखणे होते तसेच आहे, उलट रात्री कूस बदलणेही अवघड झाले आहे.

डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांत अशी दुखणी घरोघर आढळतात. भातलावणीत दिवसभर वाकून उभे राहणाऱ्या स्त्रिया, चिकूच्या वाड्यांत शिडी चढणारे आणि टोपल्या वाहणारे मजूर, किनाऱ्यावरचे मच्छीमार, फुग्यांच्या कारखान्यांतील कामगार, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत उभ्याने पाळी करणारे तरुण, या सर्वांचे सांधे लवकर झिजतात. अशा माणसाला रात्रीची झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून गादीचा प्रश्न चैनीचा नसून रोजीचा आहे. आणि या भागात गाद्या बनविणाऱ्या, विकणाऱ्या आपल्या बांधवांसाठी तो सचोटीचाही प्रश्न आहे. या लेखात दोन्ही बाजूंनी विचार करू.

प्रथम दुखणे ओळखावे

गादी हे औषध नव्हे, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात ठेवली पाहिजे. चांगली गादी सांध्यावरचा दाब कमी करते आणि झोप शांत होऊ देते. तिच्यामुळे झिजलेला सांधा भरून येत नाही. त्यामुळे नवी गादी घेण्यापूर्वी दुखणे कोणत्या जातीचे आहे याचा अंदाज घ्यावा.

१) झिजेची सांधेदुखी : ही वयोमानाने, वजनाने आणि कष्टाने होते. बहुधा गुडघे व खुबे धरतात. चालल्याने, जिना चढल्याने दुखते, विश्रांतीने उतरते. सकाळचा ताठरपणा साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

२) संधिवाताची सूज : यात हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात आणि सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बोटे मिटत नाहीत. याला डॉक्टरांचे औषध लागते आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात. गादी बदलून पाहू, असे म्हणत सहा महिने घालविणे म्हणजे सांधे गमावणे होय.

३) चिकुनगुनियानंतरची दुखणी : ताप जातो, पण सांधे कित्येक आठवडे, काही जणांचे कित्येक महिने दुखत राहतात. बहुतेकांचे दुखणे हळूहळू कमी होते. अशा वेळी मोठ्या खर्चाची गादी घेण्याची घाई करू नये.

४) सिकल सेल : हा मुद्दा आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आदिवासी समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात हाडे व सांधे अचानक भयंकर दुखतात आणि पुढे खुब्याचे हाडही खराब होऊ शकते. देशात या आजाराच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्यात रक्ताची तपासणी केली जाते. विशी-पंचविशीतला तरुण किंवा शाळकरी मूल वारंवार सांधे धरून बसत असेल तर दुकानदाराने गादी दाखविण्याऐवजी "आधी रक्त तपासून घ्या" असे सांगावे. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र येथे चौकशी करता येते. सिकल सेलच्या रुग्णाला गारठा बाधतो, म्हणून थंडीच्या दिवसांत त्याला ओल्या जमिनीवर किंवा नुसत्या चटईवर झोपू देऊ नये.

सांधा लाल व गरम होणे, सोबत ताप येणे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे वाढत जाणे, वजन घटणे किंवा पायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही असेल तर प्रथम डॉक्टर, मग गादी.

गादीच्या आधी पलंग

बहुतेक घरांत चर्चा गादीची होते आणि पलंगाचा विचार कोणी करीत नाही. वास्तविक गुडघेदुखीच्या माणसाला सर्वांत जास्त त्रास झोपताना होत नाही, तो उठताना होतो. जमिनीवर अंथरलेल्या गादीवरून उठताना शरीराचा सारा भार दुमडलेल्या गुडघ्यांवर येतो. रात्री लघवीसाठी दोनदा उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही शिक्षाच आहे. जो माणूस गुडघ्यांमुळे नमाज खुर्चीवर बसून अदा करतो, त्याला झोपण्यासाठी मात्र जमिनीवर उतरायला लावणे बरोबर नाही.

पलंगाची उंची मोजण्याची रीत सोपी आहे. माणसाला चपला काढून खुर्चीवर बसवावे, पावले जमिनीला पूर्ण टेकलेली असावीत. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. गादी अंथरून, तिच्यावर बसल्यानंतर दबलेल्या गादीची उंची एवढी किंवा तिच्यापेक्षा इंचभर जास्त असावी. बहुतेक माणसांसाठी ही उंची १६ ते २० इंचांच्या दरम्यान येते. पलंग ठेंगणा असेल तर चारही पायांखाली मध्ये खळगा कोरलेले लाकडी ठोकळे द्यावेत म्हणजे पाय सरकणार नाहीत. सुट्या विटा लावू नयेत; पलंग हलला तर पडण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट पलंगाच्या पृष्ठभागाची. नवारीचा किंवा सुंभाच्या बाजेचा मधला भाग काही वर्षांनी झोळीसारखा खाली जातो. अशा बाजेवर कितीही चांगली गादी टाकली तरी कंबर खड्ड्यात जाणारच. नवार ओढून घट्ट करून घ्यावी, किंवा बाजेच्या चौकटीवर नीट टेकेल अशी १२ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी टाकावी. लाकडी पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधील फट फार मोठी नसावी, नाहीतर फोमची गादी त्या फटींत दबते. पुष्कळ घरांत एवढी दुरुस्ती केल्यावर जुनीच गादी पुन्हा उपयोगी पडते.

कडक की मऊ?

"पाठ दुखते, कडक गादी घ्या" हा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षे दिला जातो. काही जण तर नुसत्या फळीवर झोपायला सांगतात. या समजुतीची एक चांगली परीक्षा स्पेनमध्ये झाली आणि तिचा निष्कर्ष २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला कडक, दुसऱ्याला मध्यम कडक गाद्या दिल्या आणि कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नाही. युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ धरले जाते. त्या हिशेबाने एक गादी २.३ ची तर दुसरी ५.६ ची होती. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणातले व उठतानाचे दुखणे कमी होते आणि दिवसाच्या कामातली अडचणही कमी होती.

ही पाहणी कंबरदुखीची होती, सर्व सांध्यांची नव्हती, हे ध्यानात ठेवून तिचा उपयोग करावा. तरी त्यामागचे कारण सांध्यांनाही लागू पडते. माणूस कुशीवर झोपला की सारा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. गादी दगडासारखी असेल तर तेथे दाब येतो, मुंग्या येतात आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. उलट गादी फार मऊ असेल तर कंबर बुडते, मणका वाकतो आणि बुडालेले शरीर वळविण्यासाठी दुखऱ्या सांध्यांनाच जोर लावावा लागतो. म्हणून वरचा थर खांदा-खुब्याला थोडी जागा देणारा आणि खालचा थर कंबर तोलून धरणारा असावा. हे एक वाक्य लक्षात राहिले तर निम्मी खरेदी झाली.

यातही माणसा-माणसात फरक आहे. अंगाने हलक्या माणसाला तीच गादी कडक लागते आणि भारी माणसाला मऊ लागते. कुशीवर झोपणाऱ्याला वरचा थर जरा जास्त मऊ हवा. पाठीवर झोपणाऱ्याला थोडी घट्ट गादी चालते. ८० किलोच्या मुलाने दुकानात बसून पाहिलेली गादी ४५ किलोच्या आईला बरोबर लागेलच असे नाही. ज्याला झोपायचे आहे त्यालाच दुकानात नेले पाहिजे.

गादीचे प्रकार आणि आपल्या भागाची हवा

डहाणू, चिंचणी, बोर्डी, झाई ही गावे समुद्राकाठची. हवा दमट आणि खारी. तलासरी, उधवा हा भाग महामार्गाच्या आणि डोंगराच्या बाजूचा. तेथे थंडी जरा जास्त जाणवते. पाऊस दोन्हीकडे भरपूर. म्हणून मुंबईच्या वातानुकूलित दुकानात छान वाटलेली गादी येथे तशीच वागेल असे गृहीत धरू नये.

कापसाची गादी : घाम शोषते, हवा खेळते, उन्हाळ्यात सुखद असते आणि पुन्हा पिंजून नवी करता येते. हा तिचा सर्वांत मोठा गुण. एकेरी गादीत साधारणपणे ८ ते १२ किलो कापूस भरतात. दोष असा की काही महिन्यांत कापूस दबतो, मध्ये खड्डा पडतो आणि गुठळ्या होतात. या गुठळ्याच खुब्याला टोचतात. दोन वर्षांतून एकदा पिंजून घेतल्यास, अधूनमधून उलटीपालटी केल्यास आणि उन्हात टाकल्यास ती उत्तम राहते. पावसाळ्यात दमट कापूस जड होतो, कुबट वास येतो. म्हणून मे महिन्यात कडक ऊन दाखवून ठेवावी आणि पावसात उघडीप मिळेल तेव्हा पंख्याखाली उभी करावी. सावरीचा कापूस मऊ व हलका असतो, पण लवकर दबतो. तो उशीसाठी बरा, सांधेदुखीच्या माणसाच्या गादीसाठी एकटा पुरेसा नाही.

काथ्याची गादी : नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून तिचे थर बनवितात. घट्ट असते, हवा खेळते, किंमत मध्यम. पण नुसता काथ्या अनेकांना फार कडक लागतो. तिच्यावर दीड-दोन इंच फोमचा थर असलेली किंवा वरून कापसाची पातळ गादी अंथरलेली जोडी आपल्या हवेत चांगली चालते. ओल लागली तर काथ्या खराब होतो आणि वर्षानुवर्षे एकाच जागी बसल्याने कडा दबतात.

साधा फोम : हलका, स्वस्त, उचलायला सोपा. हलक्या प्रतीचा फोम वर्षा-दोन वर्षांत बसतो. फोमला कापसासारखे उन्हात टाकू नये. उन्हाने तो पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवावा.

तुकड्यांचा दाबलेला फोम : कारखान्यातील फोमचे तुकडे चिकटवून, दाबून बनवितात. हा वजनाला भारी व कडक असतो. बाजारात "ऑर्थोपेडिक" म्हणून जी गादी मिळते तिच्या पोटात पुष्कळदा हाच असतो. खालचा आधार म्हणून तो चांगला आहे. मात्र वर मऊ थर नसेल तर सांधेदुखीच्या माणसाला तो टोचतो.

मेमरी फोम : अमेरिकेतील नासा या अंतराळ संस्थेच्या कामातून १९६६ च्या सुमारास विमानाच्या आसनांसाठी हा पुढे आला. अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन शरीराचा आकार घेतो आणि दाब वाटून देतो. परंतु उष्णता धरून ठेवतो आणि शरीर आत रुतल्याने कूस बदलणे जड जाते. आपल्या दमट उन्हाळ्यात, पंख्याखाली झोपणाऱ्या घरात त्याचा जाड थर नकोच. वर एक-दीड इंच असेल तर पुरे.

लॅटेक्स : रबराच्या चिकापासून बनतो. दाब सोसून लगेच वर येतो, त्यामुळे वळणे सोपे जाते आणि तो टिकतोही. किंमत जास्त, वजन जास्त. "नैसर्गिक" म्हटले तर किती टक्के नैसर्गिक, हे बिलावर लिहून घ्यावे.

स्प्रिंगची गादी : एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगांच्या गादीत एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हिसका बसतो. सुट्या पिशवीतील स्प्रिंगांची गादी त्यापेक्षा बरी. हवा चांगली खेळते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, ही गोष्ट लक्षात घेऊन हमी तपासावी.

तराजू आणि काडेपेटी

गादीचे पोट बंद असते, म्हणून फसवणूक पोटात होते. दोन साध्या परीक्षा प्रत्येकाने शिकून घ्याव्यात.

पहिली फोमची. दुकानदार "३२ डेन्सिटी", "४० डेन्सिटी" असे आकडे सांगतो. याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ३२ किंवा ४० किलो. हे तराजूवर पडताळता येते. गादीची लांबी, रुंदी, जाडी इंचांत गुणावी आणि ६१,०२४ ने भागावे म्हणजे घनमीटर येतात. उदाहरणार्थ, ७२ × ३६ × ४ इंच म्हणजे १०,३६८ घनइंच, म्हणजे सुमारे ०.१७ घनमीटर. त्याला ३२ ने गुणले की सुमारे साडेपाच किलो आणि ४० ने गुणले की पावणेसात-सात किलो. खोळ सोडून फोमचे वजन चार किलोच भरले तर आकडा खोटा आहे हे उघड होते. मात्र डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० चा फोम मऊही असू शकतो आणि २० चा कडकही. डेन्सिटीवरून मुख्यतः टिकाऊपणा कळतो; कडकपणा अंगानेच पाहावा लागतो. तुकड्यांचा दाबलेला फोम मुळातच फार भारी असतो, त्याला हे कोष्टक लावू नये.

दुसरी कापसाची. खोळीची एका कोपऱ्याची शिवण उसवून पाहण्यास प्रामाणिक दुकानदार नाही म्हणत नाही. आत रंगीत चिंध्यांचे धागे, सरकीचे तुकडे, धूळ किंवा कुबट वास आहे काय ते पाहावे. मूठभर कापूस दाबून सोडावा. चांगला कापूस फुलून वर येतो. चार तंतू बाहेर नेऊन जाळावेत. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. जुना, न पिंजलेला कापूस नव्या गादीपाटात भरलेला असेल तर त्यात ढेकणांचीही भीती असते. टेम्पोतून दारात येणाऱ्या विक्रेत्याकडून गादी घ्यायचीच असेल तर ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण तक्रार घेऊन जायला त्याचे दुकान नसते.

दुकानात काय करावे

१) ज्याच्यासाठी गादी आहे त्याने नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्या जाडीची उशी घेऊन किमान दहा-पंधरा मिनिटे आडवे व्हावे. हाताने दाबून पाहणे म्हणजे परीक्षा नव्हे.

२) पाठीवर झोपल्यावर कंबरेखाली तळहात घालून पाहावा. हात मोकळा फिरला तर गादी फार कडक, अजिबात शिरला नाही तर फार मऊ. थोड्या प्रयत्नाने सरकला तर ठीक.

३) कुशीवर झोपल्यावर दुसऱ्याने मागून पाहावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली पाहिजे.

४) दोनदा कूस बदलून पाहावी. कण्हल्याशिवाय वळता आले पाहिजे.

५) कडेवर बसून, हात न टेकता उठून पाहावे. कड एकदम खचली तर ती गादी गुडघेदुखीच्या माणसाला उपयोगाची नाही.

६) हमीपत्र वाचावे. किती इंच खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल, डाग पडला तर हमी रद्द होते काय, नेण्या-आणण्याचे भाडे कोण देणार, हे विचारावे. दहा वर्षांची हमी पुष्कळदा फक्त शिवण व फोम फाटण्यापुरती असते.

डहाणू रोडपर्यंत २०१३ सालापासून लोकल येते. त्यामुळे काहीजण मुंबईला, तर तलासरीकडचे लोक वापीला जाऊन खरेदी करतात. त्यात गैर काही नाही. पण बदलून घेण्याची वेळ आली तर जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, याचा हिशेब आधी करावा. जवळच्या दुकानदाराची हीच तर जमेची बाजू आहे.

उशांचे काम

पुष्कळ दुखणी गादीने जात नाहीत ती उशीने हलकी होतात. कुशीवर झोपणाऱ्याने दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक घट्ट उशी ठेवावी. खुबा व कंबर सरळ राहते. खांदा दुखत असेल तर त्या कुशीवर न झोपता दुसऱ्या कुशीवर झोपून दुखरा हात समोर उशीवर ठेवावा. मानेखालची उशी खांदा आणि मान यांमधील जागा भरून काढील एवढीच असावी. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते खरे, पण झिजलेल्या गुडघ्याखाली रात्रभर, रोज उशी ठेवू नये. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे सरळ होत नाही.

पैशाचा हिशेब

गादीची किंमत रात्रींनी भागून पाहावी. समजा, फोमची गादी १२,००० रुपयांची आहे आणि आठ वर्षे टिकते. म्हणजे २,९२० रात्री. एका रात्रीला सुमारे ४ रुपये १० पैसे. समजा, कापसाची गादी ४,००० रुपयांची, दहा वर्षे वापरली आणि त्यात चार वेळा ८०० रुपये देऊन पिंजून घेतली. एकूण ७,२०० रुपये, ३,६५० रात्री. एका रात्रीला सुमारे २ रुपये. आकडे ज्याने त्याने आपल्या बाजारभावाने घालावेत, रीत हीच.

आता समजा, तलासरी तालुक्यातील एका घरात साठीची आई आहे. गुडघे झिजलेले, जमिनीवर जुन्या दबलेल्या गादीवर झोपते. मुलगा कारखान्यात कामाला असून त्याने ८,००० रुपये जमविले आहेत. तो दुकानात येऊन म्हणतो, "आईसाठी ऑर्थोपेडिक गादी द्या." आठ हजारांची कडक गादी त्याला विकणे सोपे आहे. पण ती गादी पुन्हा जमिनीवरच पडणार आणि आई सकाळी त्याच कष्टाने उठणार. योग्य सल्ला असा : आधी १६ इंचांचा साधा, भक्कम लाकडी पलंग घ्या, जुनी गादी पिंजून, थोडा नवा कापूस घालून नव्या गादीपाटात भरून घ्या, तिच्याखाली काथ्याचा थर टाका, गुडघ्यांत ठेवायला एक उशी घ्या. यात दुकानदाराची विक्री कमी होते, पण आईची झोप होते. आणि ती आई दहा घरांत त्या दुकानाचे नाव सांगते.

पिंजारी बांधवांनी यातून काय घ्यावे

गादीचा धंदा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पिंजारी, मन्सुरी, नदाफ ही नावेच त्याची साक्ष देतात. अरबीत कापूस पिंजणाऱ्याला 'नद्दाफ' आणि 'हल्लाज' म्हणतात. खांद्यावर पिंजण टाकून तातीचा आवाज करीत गावोगाव फिरणारा पिंजारी आता दिसत नाही, त्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली. मोठ्या कंपन्यांच्या बांधून आलेल्या गाद्यांशी किमतीत आणि जाहिरातीत आपण स्पर्धा करू शकत नाही. परंतु ज्या गोष्टी कंपनी करू शकत नाही, त्या आपण करू शकतो.

कंपनीची गादी ठराविक मापाची असते. आपण बाजेच्या मापाची, माणसाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त कापसाची, खुब्याच्या जागी जादा थर दिलेली गादी भरून देऊ शकतो. कंपनीचा माणूस घरी येऊन पलंगाची उंची मोजत नाही. आपण मोजू शकतो. कंपनीची गादी बसली की टाकून द्यावी लागते. आपली गादी पुन्हा पिंजून उभी राहते. म्हणून विक्रीबरोबर वहीत तारीख लिहून ठेवावी आणि दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या आधी, ग्राहकाला आठवण द्यावी. हा कायमचा धंदा आहे.

दुकानात आलेल्या माणसाला भाव सांगण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत : "मावशी, कोणता सांधा दुखतो? डॉक्टरांना दाखवले का? कुशीवर झोपता की पाठीवर? खाली झोपता की पलंगावर? रात्री किती वेळा उठता?" या पाच उत्तरांवरून कोणती गादी दाखवायची ते आपोआप ठरते. आणि ग्राहकाला कळते की येथे आपले ऐकून घेतले जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. "सांधेदुखी बरी करणारी गादी" असा फलक लावू नये. "ऑर्थोपेडिक" या शब्दाने गादी औषध ठरत नाही. तो व्यापाराचा शब्द आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तशी जाहिरात थांबविण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही मिळू शकतो. बिल न देणे हीदेखील या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर माप, आतील मालाचे नाव, फोमची डेन्सिटी किंवा कापसाचे वजन आणि बदलून देण्याची मुदत स्पष्ट लिहावी. ग्राहकाची तक्रार असल्यास त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. ज्याने बिलावर खरे लिहिले त्याला या क्रमांकाची भीती नाही.

कायद्याचे सोडले तरी, गिऱ्हाइकाला गादीचे पोट दिसत नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक असते. जे झाकलेले आहे ते उघड करून सांगणे, हीच या धंद्याची खरी पत आहे. सांधे दुखणारा माणूस रात्री दोन वाजता जागा असतो, तेव्हा त्याला ज्याने गादी दिली त्या दुकानदाराची आठवण होतेच. ती चांगली आठवण असावी यासाठी दुकानात टेप, तराजू आणि एक पलंग ठेवावा, आणि ग्राहकाला त्या पलंगावर निवांत पंधरा मिनिटे झोपू द्यावे.